चार दाढा किडल्यात म्हणून गेलो, एकच भरून आलो: राजारामपुरीतल्या दाताच्या दवाखान्याचा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगतो, एका भेटीवर हे लिहीत नाहीये. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पहिल्यांदा या दवाखान्यात गेलो, आणि आता बरोबर वर्षानं परत एक्स-रे काढून, दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघून आलो आणि मग लिहायला बसलो. कोल्हापुरात राजारामपुरीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्याच्यावर शेवटी बोलतो.

मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर काम करतो, सोळा वर्षं झाली. हे सांगायचं कारण म्हणजे माझ्या दातांचं जे झालं त्यात या कामाचा वाटा आहे. सौद्याच्या वेळी रवा म्हणजे गुळाची ढेप फोडायची, कणी बघायची, रंग बघायचा आणि एक तुकडा जिभेवर ठेवायचा. दिवाळी पाडव्याला सौदे सुरू झाले की पुढं चार-पाच महिने दिवसाला तीस-चाळीस वेळा तरी तोंडात गूळ जातोय. एका वेळी किती, तर चिमूटभर. त्यामुळं आपण गोड खातोय असं कधी वाटलंच नाही, घरात तर मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.

तर झालं काय, डाव्या बाजूला खाली दोन दाढांच्या फटीत अन्न अडकायला लागलं. मटणाचा धागा अडकला की काडीनं काढेपर्यंत चैन नाही. दुखत काहीच नव्हतं. एका ठिकाणी दाखवलं (कुठं ते सांगत नाही, कोणाला बोल लावायला हे लिहीत नाहीये). तिथं एक्स-रे काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. फोटो असा झणझणीत होता की विचारू नका, दात पांढरे शुभ्र, मधल्या फटी काळ्या कुळकुळीत, आणि त्याच्यावर चार ठिकाणी लाल गोल. चार दाढा किडल्यात, चारही भराव्या लागतील, एखादीला रूट कॅनल लागू शकेल, उशीर करू नका. सगळं पाच मिनिटांत. मी म्हणलं विचार करून सांगतो आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो मारून घरी आलो. रात्रभर जीभ त्या चार दाढांवरनं फिरवत होतो, खरं सांगतो झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात विषय निघाला तेव्हा शेजारच्या अडतीवरच्या दादांनी या दवाखान्याचं नाव सांगितलं. म्हणले त्यांच्या मुलीची दाढ काढायचं ठरलं होतं ती इथल्या मॅडमनी वाचवली, जाऊन तर ये.

गेलो. मॅडमनी पहिल्यांदा माझा मोबाइलमधला फोटो बघितला आणि लगेच म्हणल्या, "दादा, हा स्क्रीनचा फोटो आहे, एक्स-रेचा नाही. याच्यावर मी काही सांगितलं तर ते अंदाजानं होईल." मग परत एक्स-रे काढायचा म्हणल्यावर मी जरा कचरलो, दोन दिवसांत दोनदा रेडिएशन. ते पण त्यांनी नीट समजावलं. दाताच्या एका छोट्या एक्स-रेला साधारण ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास डोस लागतो, आणि आपण नुसते घरात बसलो तरी जमिनीतनं, हवेतनं, आकाशातनं मिळून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (एका मिलीत हजार मायक्रो) आपल्याला मिळतच असतं. म्हणजे एक फोटो साधारण एका दिवसाच्या निसर्गातल्या रेडिएशनएवढा. तरीपण उगाच काढायचा नसतो, कारण असेल तरच, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. एप्रन घातला आणि दोनच फोटो काढले, डावीकडचा एक, उजवीकडचा एक.

याला बाइटविंग म्हणतात. तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक चपटा सेन्सर ठेवतात, त्याला होल्डर असतो, तो होल्डर दातात चावून धरायचा. वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच फोटोत येतात आणि दोन दाढांमधली फट सरळ दिसते, जी डोळ्यानं बघायला गेलं तर दिसतच नाही. सेन्सर कडक आहे, जिभेच्या बाजूला टोचतो, मला उजव्या बाजूला उबळ आली. नाकानं श्वास घ्या, पायाचा अंगठा हलवत राहा असं त्यांच्या असिस्टंट ताई म्हणल्या आणि खरंच जमलं. फोटो दोन-तीन सेकंदांत स्क्रीनवर. माझा पोरगा अकरावी सायन्सला आहे, त्यानं नंतर वाचून सांगितलं की दाताचा पहिला एक्स-रे १८९६ साली जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्यांनी काढला, स्वतःच्याच तोंडाचा, आणि त्याला २५ मिनिटं लागली होती. फिल्मशिवाय सेन्सरवर फोटो यायला १९८७ साल उजाडलं, ते फ्रान्समध्ये.

आता मुद्द्यावर येतो, हे सगळं ज्याच्यासाठी लिहितोय तो.

मॅडमनी खोलीतली मोठी लाइट बंद केली, पडदा ओढला आणि आधी साधा फोटो दाखवला, काहीच न करता. तो बघून मी निराश झालो, सगळं करड्या धुक्यासारखं. म्हणलं परवाचा फोटो किती स्पष्ट होता. तर त्या म्हणल्या, तोच स्पष्टपणा आता मी तुमच्यासमोर तयार करते, तुम्ही बघत राहा. आणि माऊसनं एकेक सरकवायला लागल्या. आधी ब्राइटनेस, मग काँट्रास्ट, मग फोटो उलटा म्हणजे काळ्याचं पांढरं, मग शार्प. फोटो तोच, पण प्रत्येक वेळी दात वेगळे दिसायला लागले.

सेन्सर करड्या रंगाच्या खूप छटा पकडतो, १२ बिटचा असेल तर ४०९६. नेहमीचा स्क्रीन त्यातल्या २५६ दाखवतो आणि आपल्या डोळ्याला तर त्याहून कितीतरी कमी वेगळ्या ओळखता येतात. म्हणजे कीड फोटोत असते पण शेजारच्या दोन छटांमधला फरक इतका बारीक की नजर त्याच्यावरनं घसरून जाते. काँट्रास्ट वाढवला की त्या नेमक्या छटा ताणून लांब केल्या जातात आणि फरक दिसायला लागतो. बस एवढंच. त्यात नवीन काही येत नाही, जे सेन्सरनं पकडलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही. पण उलटं मात्र होऊ शकतं, नसलेली गोष्ट दिसू शकते.

आणि हे मला लगेच पटलं कारण गुऱ्हाळात हेच असतं. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचं पाणी घालतो, त्यानं मळी वर येते, ती काढली की रस निवळतो आणि आतला खरा रंग दिसतो. आणि काही जण हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर मारतात, त्यानं गूळ पिवळाधमक होतो, गिऱ्हाइकाला आवडतो, पण तो रंग उसाचा नसतो. फोटोचंही तसंच, निवळायचा किती आणि रंगवायला कुठं लागतोय हे कळायला हात आणि नजर दोन्ही लागतात. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी हायड्रॉसचं सगळं विचारून घेतलं.

आता माझ्या उजव्या वरच्या दाढेचं सांगतो. त्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरलेली आहे. परवाच्या फोटोत त्या चांदीच्या कडेला एक काळी रेघ होती आणि तिच्यावर लाल गोल होता, म्हणजे चांदीच्या खालनं परत कीड लागली. मॅडमनी शार्प वाढवला, तश्शीच रेघ आली. शार्प काढून टाकला, रेघ जवळजवळ गेली. धातू फोटोत एकदम पांढरा येतो, आणि शार्प करणारं सॉफ्टवेअर पांढऱ्याच्या कडेला लागून असलेला भाग मुद्दाम गडद करतं म्हणजे कड उठून दिसावी, त्याची ती सावली होती. तरी मला अंधुक काहीतरी दिसत होतं, मी तसं बोललो. तर त्यांनी चिठ्ठीचा कागद फाडला आणि स्क्रीनवर त्या चांदीवर धरला, नुसता पांढरा भाग झाकला. उरलेली रेघ पण गेली! सॉफ्टवेअरची चूक निराळी आणि ही आपल्या डोळ्याची निराळी, एकदम उजळ शेजारी असलं की नजर बाजूचं जास्त काळं बघते. सौद्याला आम्ही रवा ओळीतनं बाहेर उजेडात ओढून बघतो ते याच्यासाठीच, फिकट रव्याच्या शेजारचा चांगला रवा पण काळपट वाटतो. सोळा वर्षं मी हे गुळाबाबत करतोय आणि स्वतःच्या दाताबाबत मला कोणी तसं करून दाखवलं नव्हतं.

तेवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. हवेनं दाढ कोरडी केली, आरशानं बघितलं, चांदीची कड हळूच तपासली, मग म्हणल्या हिला हात लावायचं कारण नाही. नुसत्या फोटोवर दात उकरायचा नाही आणि नुसत्या डोळ्यावर सोडायचा पण नाही, अशी त्यांची पद्धत दिसली. दाढेच्या माथ्यावरची सुरुवातीची कीड बाइटविंगमध्ये नीट दिसत नाही, ती कोरडं करून डोळ्यानंच बघावी लागते, हे पण तिथंच कळलं.

डावीकडं खाली एका दाढेच्या मानेपाशी जो काळा पट्टा होता तो पण कीड नव्हती. इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कडक कवच जिथं संपतं आणि हाड जिथं सुरू होतं त्याच्या मधल्या जागी किरणांना अडवायला कमी असतं म्हणून तिथं काळपट येतंच, जवळजवळ सगळ्यांच्या फोटोत येतं.

राहिल्या दोन. खाली डावीकडची, जिथं अन्न अडकत होतं, ती खरीच किडलेली. काळा डाग इनॅमल ओलांडून त्याच्या खालच्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये गेलेला, साध्या फोटोत पण दिसत होता, काँट्रास्टनं फक्त कुठपर्यंत गेलाय ते कळलं. ती भरायलाच पाहिजे म्हणल्या आणि वर हे पण सांगितलं की एक्स-रेत दिसते त्याच्यापेक्षा आत थोडी जास्तच निघणार, कारण दाताच्या कडक भागातली साधारण ३० ते ४० टक्के खनिजं गेल्याशिवाय फोटोत नीट दिसतच नाही. आणि उघडल्यावर जास्तच निघाली. मला आधी सांगितलेलं असल्यामुळं मी घाबरलो नाही. दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, १२०० रुपये, पाऊण तास, आजपर्यंत त्या फटीत काही अडकलेलं नाही.

आणि चौथी, वरची डावी. ही माझ्या मते या दवाखान्याची खरी परीक्षा होती. इथं सावली खरी होती. साध्या फोटोत मला काही म्हणजे काही दिसलं नाही, काँट्रास्ट वाढवल्यावर दोन दाढा टेकतात त्याच्या जरा वर एक छोटी त्रिकोणी खाच दिसली, इनॅमलच्या आतल्या अर्ध्या भागापर्यंत गेलेली, डेंटिनला लागलेली नाही. कार्डावर त्यांनी ई-२ लिहिलं, म्हणजे एवढ्या खोलीची कीड. मी म्हणलं भरून टाका एकदाच, वर्षभरानं परत डोक्याला ताप नको. भरली असती तर आणखी १२०० मिळाले असते त्यांना आणि मी खुशीनं दिले असते. त्यांनी नाही म्हणलं.

का नाही, तर सुरुवातीची कीड मागं वळू शकते किंवा निदान थांबू शकते. तोंडात गोड गेलं की जंतू त्याचं ॲसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं जास्त आंबट) ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात, नंतर अर्ध्या तासात लाळ ते ॲसिड निवळवते आणि खनिजं परत बसायला लागतात. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच असते. माझं काय होत होतं, लाळेनं निवळवायच्या आत मी पुढच्या रव्याचा तुकडा तोंडात टाकत होतो. सौदा चालू आहे तोपर्यंत दात ॲसिडातच. किती गूळ खाल्ला याच्यापेक्षा किती वेळा खाल्ला हे महत्त्वाचं, हे ऐकून मी सुन्न झालो, कारण आमच्या यार्डात सगळेच असं करतात आणि पन्नाशीत निम्म्यांच्या दाढा गेलेल्या असतात, आम्ही त्याला वय म्हणतो.

एकदा दात उकरला की तो परत पहिल्यासारखा होत नाही. सिमेंट कधीतरी निघतं, मग आणखी मोठं भोक, मग कॅप. म्हणून ई-२ ला त्यांनी फ्लोराइडचं वार्निश लावलं (५ टक्के सोडियम फ्लोराइडवालं, पिवळट चिकट असतं, त्या दिवशी कडक काही खायचं नाही), दोऱ्यानं म्हणजे फ्लॉसनं फटी साफ करायला आरशासमोर उभं करून शिकवलं, रात्री ब्रश केल्यावर फेस थुंकायचा पण चूळ भरायची नाही असं सांगितलं म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहतं. टूथपेस्टच्या मागं फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं बघून घ्या म्हणल्या. आणि यार्डात पाण्याची बाटली जवळ ठेवून प्रत्येक चाखण्यानंतर चूळ. एवढंच. सहा महिन्यांनी वार्निश परत एकदा, ४०० रुपये.

गेल्या आठवड्यात वर्षाचा एक्स-रे झाला. हे पण त्यांनी मन लावून केलं. तोच होल्डर, तोच कोन, कारण कोन जरा बदलला तरी दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि तुलना खोटी होते. पहिला फोटो चढलेला आला तर तो बाजूला ठेवून दुसरा काढला आणि दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत. मग जुना आणि नवा शेजारी शेजारी, दोन्हीला सेम काँट्रास्ट, एकाला जास्त एकाला कमी असं नाही. खाच तेवढीच. जराही पुढं सरकलेली नाही. मी विचारलं बरी झाली का, तर म्हणल्या बरी झाली असं मी म्हणणार नाही, थांबली म्हणते, थांबलेल्या किडीची सावली फोटोत तशीच राहू शकते, पुढचा फोटो आणखी वर्षानं. मला हे बोलणं लई आवडलं. मशीन असणारे कोल्हापुरात आता भरपूर आहेत, ताराबाई पार्कात बघा, शाहूपुरीत बघा, प्रत्येक पाटीवर डिजिटल एक्स-रे लिहिलेलं असतं. मशीननं दाखवलेल्यातलं कुठलं खरं धरायचं आणि कुठलं सोडायचं हे पेशंटला शेजारी बसवून दाखवणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

आता जे खटकलं ते. अपॉइंटमेंट ६ ची असते आणि नंबर ७ ला लागतो, तिन्ही वेळा तसंच झालं. मॅडम प्रत्येकाला वेळ देतात म्हणून होतं हे कळतंय, पण मग वेळच तशी द्यावी. मोबाइलवर एक फोन करून उशीर होतोय सांगितलं तरी माणूस यार्डातनं उशिरा निघेल. गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी राजारामपुरीत चारचाकी घेऊन जायच्या नादाला लागू नका, मी टू-व्हीलर पण दोन गल्ल्या सोडून लावतो.

दुसरं म्हणजे फोटोची फाइल. रिसेप्शनवर मागितली की ते व्हॉट्सॲपवर टाकतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, ज्या छटांसाठी एवढं सगळं केलं त्याच जातात, वर ती काँट्रास्ट वाढवलेली कॉपी असते. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची झाली तर तिचा उपयोग नाही. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी मूळ फाइल ईमेल करायला लावली, डायकॉम म्हणजे दवाखान्यातल्या फोटोंसाठीच्या फॉरमॅटमधली, आणि त्या म्हणल्या मूळ फोटो आम्ही कधी पुसत नाही, जे काही सरकवतो ते वरनं असतं. पण हे मी मागितलं म्हणून मिळालं. तुम्ही गेलात तर स्पष्ट शब्दांत "ओरिजिनल फाइल ईमेल करा" असं सांगा. हे कुठल्याही दवाखान्यात सांगा, पैसे आपण दिलेत, फोटो आपल्या दातांचा आहे.

खर्च म्हणाल तर तपासणी २००, एक्स-रे प्रत्येकी २५०. चार दाढा भरायच्या म्हणून मी जे बजेट धरलं होतं त्याच्या निम्म्यात वर्षभराचं सगळं झालं.

बायकोला आणि पोराला शनिवारी नेतोय. पोराला अजून दुखत-खुपत काही नाही, पण पाडव्यापासनं सुट्टीत तो पण माझ्याबरोबर यार्डात येतो आणि रवा फोडला की त्याचा हात आधी पुढं असतो. आता त्याच्या पण गाडीला पाण्याची बाटली लावून दिलीय. आईला मात्र अजून नेता आलेलं नाही, तिच्या खालच्या तीन दाढांचं बघायचंय, पण गुडघ्यामुळं दोन जिने तिला चढवत नाहीत. मॅडम, तळमजल्यावर आठवड्यातनं एक दिवस बसायची सोय झाली तर कळवा, पहिला नंबर तिचा लावतो.